मदत हवी आहे : गाडीची पुढची काच काढण्यासाठी बॅटरीवरचे कोणते यंत्र घ्यावे?

नमस्कार. कोल्हापुरात माझे गाड्यांच्या काचा बदलण्याचे छोटे गॅरेज आहे. काचेभोवतीचा युरेथेनचा, म्हणजे काच चौकटीला चिकटवणाऱ्या गोंदाचा, थर आम्ही आजवर तारेने किंवा हातसुरीने कापत आलो. पण बसच्या काचेला दोन माणसे लागतात आणि संध्याकाळी खांदे भरून येतात, म्हणून बॅटरीवरचे यंत्र घेण्याचा विचार आहे.

पाते डावी-उजवीकडे थरथरणारे ऑसिलेटिंग मल्टिटूल घ्यावे, की पाते पुढे-मागे चालवणारे, काचा काढण्यासाठीच बनवलेले यंत्र, हे ठरत नाही. आमच्याकडे बॉशच्या ड्रिलच्या 18 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्यामुळे त्याच कंपनीचे मल्टिटूल स्वस्तात पडेल. मात्र डॅशबोर्डच्या कोपऱ्यात त्याचे पाते पोहोचेल का? माझी खरी भीती चौकटीच्या रंगाची आहे, कारण तिथे ओरखडा राहिला की पुढे गंज धरतो आणि नवा गोंद सुटू शकतो. जुन्या गोंदाचा एक-दोन मिलिमीटर थर शाबूत ठेवून कापणे कोणत्या यंत्राने अधिक जमते, आणि एका बॅटरीत साधारण किती काचा निघतात, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.