जरबेऱ्याची मान दोनच दिवसांत का वाकते?

रंकाळ्याकाठची
नमस्कार. शुक्रवारी अंबाबाईचे दर्शन घेऊन परतताना मी महाद्वार रोडवरून निशिगंधाचे दांडे आणि जरबेऱ्याची फुले आणते व दिवाणखान्यातील काचेच्या उंच फुलदाणीत काठोकाठ पाणी भरून ठेवते. निशिगंध चांगला टिकतो. जरबेऱ्याची मान मात्र पाकळ्या टवटवीत असतानाच खाली जाते. पाणी मी रोज बदलते. कोणी पाण्यात साखर घालायला सांगतात, कोणी अ‍ॅस्पिरिनची गोळी, तर शेजारच्या काकू नाणे टाकतात. यांपैकी खरोखर उपयोगी काय, हे जाणकारांनी सांगावे.

पॉलिहाऊसवाला, शिरोळ तालुका
ताई, पाकळ्या ताज्या असताना मान वाकते, याचा अर्थ फूल जुने झालेले नाही, त्याच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. जरबेरा आम्ही कात्रीने कापत नाही, देठ बुंध्यापाशी किंचित पिळून ओढून काढतो. त्यामुळे देठाच्या तळाशी टणक भाग राहतो आणि त्यातून पाणी नीट वर चढत नाही. घरी आणल्यावर तळाचे दोन-तीन सेंटिमीटर धारदार सुरीने तिरके कापावेत. बोथट कात्रीने देठ चेंगरतो.

दुसरे कारण आपल्या काठोकाठ भरलेल्या फुलदाणीत आहे. या देठावर बारीक लव असते आणि तो मऊ असतो, त्यामुळे खोल पाण्यात बुडालेला भाग लवकर कुजतो. जरबेऱ्याला दोन-तीन इंच पाणी पुरे, मात्र ते संपत आले नाही ना, हे रोज पाहावे लागते. निशिगंधाला अधिक पाणी चालते, म्हणून दोन्ही फुले वेगवेगळ्या भांड्यांत ठेवलेली बरी. वाकलेली फुले फेकू नयेत. देठ पुन्हा कापून, मान सरळ राहील अशा बेताने वर्तमानपत्रात गुंडाळून, न्हाणीघरासारख्या थंड जागी दोन-तीन तास स्वच्छ पाण्यात उभी ठेवल्यास बरीचशी फुले सावरतात.

निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक
पाणी रोज बदलता हे उत्तम, पण फुलदाणी आतून घासता का? काचेला हात लावल्यावर बुळबुळीत लागणारा थर जिवाणूंचा असतो, आणि हेच जिवाणू देठातील पाणी वाहणाऱ्या सूक्ष्म नलिका बुजवतात. नुसते पाणी बदलले तर तो थर तसाच राहतो. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकणेही याच कारणासाठी आवश्यक आहे.

साखर हे फुलाचे अन्न खरे, पण ते जिवाणूंचेही अन्न आहे. एकटी साखर घातली तर बहुधा तोटाच होतो. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांच्या साध्या क्लोरीन ब्लीचचा पाव लहान चमचा, असे मिश्रण चालते. आंबट पाणी देठात सहज चढते आणि ब्लीच जिवाणूंना आवर घालते. मात्र ब्लीच आधी पाण्यात मिसळावे, रस शेवटी घालावा. दाट ब्लीचवर लिंबू कधीही पिळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. अ‍ॅस्पिरिनने पाणी थोडे आंबट होते, त्यापलीकडे तिचा भरवसा नाही. काकूंच्या नाण्याबद्दल म्हणाल, तर नाण्यातील तांबे जिवाणूंना आवर घालते अशी त्यामागची समजूत, पण सध्याची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यांत तांबे येणार कुठून?

रंकाळ्याकाठची
काका, दादा, आभारी आहे. निशिगंधाच्या टोकाकडच्या कळ्या पुष्कळदा न उमलताच सुकतात, त्यावर काही उपाय आहे का?

पॉलिहाऊसवाला, शिरोळ तालुका
निशिगंध खालून वर उमलतो. खालची सुकलेली फुले रोज खुडत जावीत आणि काकांनी सांगितलेले साखरेचे पाणी याच फुलाला द्यावे, कारण वरच्या कळ्यांना उमलायला साखर लागते. घेताना खालची एक-दोनच फुले उघडलेला दांडा निवडावा. फुलदाणी पंख्याच्या झोतात किंवा टीव्हीजवळ नको.

निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक
एक राहिले. आंब्याच्या दिवसांत अढी लावलेल्या खोलीत फुले ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले लवकर कोमेजतात. जरबेऱ्याला त्याचा त्रास कमी, पण कार्नेशन आणणार असाल तर ते दुसऱ्या खोलीतच ठेवा.