घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे घूंऽऽ येतंय, लेव्हल नेमकी किती ठेवायची?

नाशिककर_ताई:
मंडळी, आईचे अभंग तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचेत. कंडेन्सर माईक, यूएसबी इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. ती हळू सुरू करते आणि वरच्या सा ला गेली की लाल दिवा लागतो म्हणजे आवाज फाटतो, गेन (माईकचा आवाज किती उचलायचा ते) कमी केला तर सुरुवात ऐकूच येत नाही. शिवाय मागे सतत घूंऽऽ, नॉइज रिडक्शन लावलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि तानपुरा अर्धा गायब. नवीन माईक घेऊ का?

पेटीवाला:
माईक अजिबात बदलू नका ताई. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं गेलं तर दोष बहुधा अर्थिंगचा, जुन्या घरांत सॉकेट तीन पिनचं असतं पण आत अर्थची वायरच जोडलेली नसते, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थची पिन काढून टाका असं कोणी सांगेल, ते चुकूनही करू नका, शॉक बसेल. आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची म्हणून हे घूं ५० आणि १०० वर येतं. बारीक भुणभुण असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बघा, पंखा तर बंदच करा.

रियाझी:
लेव्हलचं मी सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग २४ बिटला (जास्त बारकावे टिपणाऱ्या सेटिंगला) ठेवा आणि गेन हळू ओळीवर लावू नका, आईंना आधी वरचा सा पूर्ण ताकदीने लावायला सांगा, तेव्हा मीटर -१० डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आसपास थांबला पाहिजे. सुरुवात बारीक वाटेल, वाटू दे, नंतर तेवढ्याच ओळींचा व्हॉल्यूम वाढवता येतो पण एकदा फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. आणि तानपुरा चालू असताना नॉइज प्रोफाईल (कोणता आवाज कापायचा त्याचा नमुना) घेतलंत ना? मग ऑडॅसिटी तानपुऱ्यालाच नॉइज समजून कापणार! सगळं बंद करून चार-पाच सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, तोच सिलेक्ट करून प्रोफाईल घ्या, रिडक्शन ६ डीबीवरच.

नाशिककर_ताई:
चार्जर काढला, घूं गेलं!! खूप आभार दोघांचेही. यूट्यूबवर टाकताना आवाज वाढवू का?

रियाझी:
-१४ लफ्सच्या (LUFS, एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेवा. त्याहून मोठं टाकलंत तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं, उगाच लिमिटर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) लावून आईंच्या आवाजातले चढउतार घालवू नका.