मदत हवी आहे: मन सतत वाईटच धरून बसतं, आशा कुठून आणू?

जय ख्रिस्त मंडळी. लहानपणापासून चर्चमध्ये वाढलोय, तरी स्वभाव पक्का निराशावादी. फोन वाजला की आधी वाईट बातमीच डोळ्यांसमोर येते. गेलं वर्षभर तर प्रार्थनेला बसलो की दोन वाक्यांत शब्द संपतात, मग नुसता हात जोडून बसून राहतो.

कुणाला सांगावं तर "विश्वास कमी पडतोय" हे ठरलेलं उत्तर. ते ऐकून आणखीच खचायला होतं.

मला खरा आधार वाटला तो बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर नि पाणी उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. (माझ्या ओळखीतल्या सल्लागारांनी हे जरा वाचावं!) स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा असं सांगतो, तिथे मी अडकतो. माझ्यात धीराऐवजी चिडचिडच वाढतेय.

यातून गेलेल्या कुणी रोज नेमकं काय केलं? शब्द सुचत नसताना स्तोत्रं मोठ्याने वाचून फरक पडला का? समुपदेशकाची वेळ घेतली आहे. उपचार आणि प्रार्थना सोबत कशी सांभाळलीत, तेही सांगा. नुसती वचनं पाठवू नका प्लीज, स्वतःचा अनुभव लिहा.