साध्या कॅमेऱ्यात तारे येतील काय? (बेळगाव)

टिळकवाडीकर: नमस्कार मंडळी, घरात जुना डीएसएलआर पडून आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स, तेवढंच. गच्चीवरनं ३० सेकंद लावून फोटो काढला तर आकाश नारिंगी आणि तारे लांबुळके येतायत. भारी लेन्स घेतल्याशिवाय होणार नाही काय हे?

खानापूरचा: लेन्स नको काय नको. झूम १८ मिमीवर ठेवा, एफ ३.५ (म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं), आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची ताकद) १६०० आणि सेकंद १८ च्या वर नको, कारण ५०० ला १८ गुणिले १.५ (आपल्या कॅमेऱ्यातल्या लहान सेन्सरचा गुणक) म्हणजे २७ नं भागलं की साडेअठरा येतात, त्याच्यापुढं पृथ्वी फिरलेली फोटोत दिसायला लागते. आणि ऑटोफोकस बंद करा हो, अंधारात ते नुसतं कुर्र कुर्र करत बसतंय. लाईव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) व्याधासारखा ठळक तारा मोठा करून रिंग हळूच फिरवायची, ठिपका बारीकात बारीक झाला की हात काढायचा.

शहापूरची माई: ट्रायपॉड नसला तर तांदळाची पिशवी चालते, २ सेकंदांचा टायमर लावायचा फक्त. नारिंगी रंग शहराच्या दिव्यांचा, त्याला सेटिंग काय करणार बाबा. अमावास्येच्या आसपास जांबोटी-कणकुंबीकडं, शहराबाहेर रानाच्या अंधारात जावा.

टिळकवाडीकर: आकाशगंगा पण येते काय?

खानापूरचा: येते की! वृश्चिक-धनूकडचा दाट पट्टा, एप्रिलात मध्यरात्रीनंतर आग्नेयेला वर येतो. रॉमध्येच (जेपीईजी नको, कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढा. जूनला पाऊस लागला की तिकडं सगळं बंद. आणि एकटं जाऊ नका, रस्त्यात गवे असतात.