सिझेरियननंतरचे पोट: आधी स्नायू तपासावेत

ताई, आठ महिने पट्टा बांधून आणि रोज क्रंचेस (पाठीवर झोपून डोके-खांदे उचलण्याचा पोटाचा व्यायाम) करूनही टाक्यांवरचे पोट उतरत नाही, असे आपण लिहिले आहे. पण ती सगळी चरबीच असेल असे नाही. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर बोटे दाबून पाहावीत: पोटाच्या उभ्या स्नायूंमधल्या फटीत दोनांहून अधिक बोटे मावली, किंवा तिथे उंचवटा आला, तर गरोदरपणात दुरावलेले स्नायू अजून जवळ आलेले नसण्याची शक्यता असते, आणि तशा वेळी क्रंचेसने फुगवटा वाढूही शकतो. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. पट्ट्याने आधार मिळतो, चरबी वितळत नाही; तुपातले डिंकाचे लाडू चालू असतील तर मुळीच नाही. फारच सैल राहिलेली कातडी मलमांनी आवळत नाही, आणि शस्त्रक्रियेचा विचार पुढचे मूल नको असे ठरल्यावरच करावा.