मदत हवी आहे: टेक्ससमध्ये स्कूल बोर्डाला परत उभी राहतेय, दारोदारी कुणाकडे आधी जाऊ?

टेक्ससमधल्या एका खेड्यात स्कूल बोर्डाची (गावच्या सरकारी शाळांचा कारभार बघणारं मंडळ) ट्रस्टी, म्हणजे निवडून आलेली सदस्य आहे, येत्या मे मध्ये परत उभी राहतेय. मागच्या वेळी बिनविरोध आले होते, यंदा समोर उमेदवार आहे. अर्ज आणि प्रचाराचा खजिनदार नेमल्याचा फॉर्म दोन्ही दिलेत.

अडचण चार दिवसांच्या शाळेची. शिक्षक टिकत नव्हते आणि पगारात मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टशी बरोबरी आपल्याला शक्यच नाही (राज्याची प्रति विद्यार्थी बेसिक अलॉटमेंट, म्हणजे शाळांना मिळणारा मूळ निधी, २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकलेली, २०२५ मध्ये वाढली ती फक्त ५५ नी), म्हणून शुक्रवारच्या सुट्टीच्या बाजूने मी मत दिलं. ते मला आजही बरोबर वाटतं. पण जिथे दोघंही कामाला जातात तिथे शुक्रवारी पोरं सांभाळायची कुणी, हा राग खराच आहे.

फीड स्टोअर (जनावरांच्या खाद्याचं दुकान), चर्चचं जेवण, सगळीकडे बोलून झालं, लोक ऐकून घेतात आणि "बघू" म्हणतात. फेसबुकवर लिहिलं की नुसती भांडणं. शाळेचा ईमेल, कागद, स्टाफ प्रचाराला वापरायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा ते नको. ट्रस्टीला मानधन नसतं, खर्च घरचाच, त्यामुळे महागडी पोस्टकार्डंही नकोत.

लोकल निवडणूक लढवलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा: मतदान मुळातच कमी होतं, तर मागच्या मे मध्ये मत दिलेल्यांची यादी घेऊन त्यांच्याकडेच जाऊ, की चिडलेल्या पालकांकडे आधी? आणि दारात शुक्रवारचा विषय मीच काढू की त्यांनी विचारेपर्यंत थांबू?