एका लिटरात चोवीस? कुणाचा ट्रक हा?

दहाचाकी:
परवा 'रुळावरचा' यांनी इथे लिहिलं की एक लिटर डिझेलात एक टन माल रस्त्याने २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ आणि पाण्यातून १०५. म्हणून नाशिकचा कांदा ट्रकने दिल्लीला धाडणारे म्हणे देशाचं डिझेल पितात. खाली टाळ्यांचा पाऊस. पिणाऱ्यांपैकी मी एक. पिंपळगावात माझ्या तीन गाड्या आहेत, तेव्हा जरा सविस्तर.

हा २४ चा आकडा जलमार्गवाले वर्षानुवर्षं छापतायत. पण ट्रक कुठला? माझी दहाचाकी अठरा टन कांदा घेऊन लिटरला चार देते. अठरा चोक बहात्तर, म्हणजे एक टन लिटरला बहात्तर किलोमीटर. दिल्ली तेराशे किलोमीटर धरा, सव्वातीनशे लिटर झाले. येताना गाडी पूर्ण रिकामी आणली, सहाचं ॲव्हरेज धरलं, की आणखी २१७. दोन्ही फेऱ्या मिळून हिशेब ४३ वर येतो. आणि दिल्लीहून रिकामा येणारा मालक असला तर दाखवा, दर्शन घेईन म्हणतो. २४ यायला जुनी नऊ टनी हवी, तीही येताना रिकामी. ती आता भंगारात बघायला मिळेल.

रुळावरचा:
आकडा जुना असेल, माझ्या घरचा नाही. बरं, तुमचेच ४३ घ्या. ८५ च्या निम्मेच झाले ना? लोखंडी रुळावर लोखंडी चाक लोळतं, डांबरावर रबर घासतं. इथे वाद कसला? २०२४ च्या ऑक्टोबरात लासलगावहून दिल्लीच्या किशनगंजला कांदा एक्स्प्रेस गेली. ४२ वॅगन, १६०० टन. तुमच्या हिशेबाने नव्वद ट्रक, नव्वद ड्रायव्हर, नऊशे टायर.

चाळकरी:
कांदा एक्स्प्रेसचं कौतुक आम्हा कांदा पिकवणाऱ्यांसमोर नका हो करू. दिवाळीच्या तोंडावर दिल्लीत ३५ रुपये किलोने विकायला नेलेला सरकारी साठ्यातला कांदा होता तो. डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली, तेव्हा आमच्यासाठी कुठली एक्स्प्रेस सोडली होती?
आणि डिझेलचं सगळे बोलतात, गोणीचं कोण बोलणार? ट्रकमध्ये गोणी एकदा चढते, एकदा उतरते. रेल्वेला आधी गाडीत, मग धक्क्यावर, मग वॅगनमध्ये, तिकडे परत तेच उलटं. दर आपटीला कांदा मार खातो, आणि मार खाल्लेला कांदा चार दिवसांत शेजाऱ्यालाही सडवतो. सडलेल्या टनामागे किती लिटर, तेही मांडा.

जेटीवरून:
१०५ वाला आकडा आमच्या गोव्यात मांडवी नदीवर खराही वाटायचा. खनिजाने भरलेली बार्ज, म्हणजे सपाट मालहोडी, ओहोटीबरोबर मुरगाव बंदराकडे निघाली की इंजिनाला फारसं काम नसे. पण खनिज खाणीतून जेटीपर्यंत कसं यायचं? टिपरने, गावातून, धूळ उडवत. ते दहा-बारा किलोमीटर त्या १०५ मध्ये कुणी धरत नाही. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग २०१८ ला पुन्हा. धक्क्याला बांधून ठेवलेली बार्ज एका लिटरात किती जाते, ते आम्हांला विचारा.

दहाचाकी:
जेटीवाले, तुमच्या तोंडात साखर पडो. आणि रुळावरचे, तुमची वीज तरी कुठून येते? कोळसाच जळतो ना? तुमच्या मालगाडीला कसारा घाट चढताना मागून आणखी इंजिनं लावावी लागतात, ती तुमच्या ८५ मध्ये आहेत का?

रुळावरचा:
लागतात. ३७ मीटरला १ मीटर चढ आहे, लागणारच. पण गाडी घाट उतरते तेव्हा नवी इंजिनं ब्रेक लावता लावता वीज करून तारेत परत घालतात. तुमचा ट्रक उतरताना काय परत देतो?

दहाचाकी:
ठेंगा देतो. पण घेतही नाही! आमचा ड्रायव्हर कसाऱ्याच्या उतारावर न्यूट्रल मारतो, डिझेल शून्य.

रुळावरचा:
चूक, न्यूट्रलमध्येच घेतो. इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगचं डिझेल जातंच. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल तोडतात. तीन गाड्यांच्या मालकाला हे माहीत नसावं?

दहाचाकी:
पुस्तक वाचून गाडी चालत नाही साहेब. वीस वर्षं बघतोय. ज्या ड्रायव्हरला न्यूट्रल जमतं त्याचं ॲव्हरेज वर असतं.

उतारावरची:
एरवी नुसती वाचते, आज राहवत नाही. माझे वडील बावीस वर्षं ट्रकवर होते. त्यांच्या मालकाने डिझेल मोजून द्यायचं, उरलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर पगारातून कापायचं. म्हणून सगळेच न्यूट्रल मारायचे, हुशार तर इंजिनच बंद करायचे. इंजिन बंद झालं की ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. चार वेळा ब्रेक दाबला की हवा संपते, स्टिअरिंग दगड होतं. वडील एकदा असेच मातीच्या ढिगात घुसले म्हणून वाचले. क्लीनरचा पाय गेला. त्यानंतर ते एकच सांगायचे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने कित्येक गाड्या ठोकल्या, ती बातमी त्यांनी पूर्ण वाचली नाही.
दहाचाकी, तुम्ही डिझेल मोजून देता का?

दहाचाकी:
ताई, विषय इंधनाचा होता.

उतारावरची:
तेच विचारतेय. देता का?

चाळकरी:
देत असणार. सगळेच देतात.

दहाचाकी:
तुम्ही कांद्याचं बघा हो! तुमच्या पिकअपमध्ये किती गोण्या जास्त टाकता ते काढू का इथे?

दहाचाकी (दोन दिवसांनी):
लिहिणार नव्हतो. काल रात्री इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना मीच ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. गाडी नवी आहे, समोर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं. तिसऱ्या गिअरात, पाय वर, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकडूनच गाडी रोखणारा) लावलेला: डिझेल शून्य. मग बऱ्यापैकी सरळ जागा बघून न्यूट्रल करायला लावलं, तर काटा हलला. ड्रायव्हर हसत होता. त्याला आधीच माहीत होतं म्हणे, 'तुम्ही सांगायचा म्हणून मारायचो.'
तर रुळावरचे, पेढे तुमचे. ताई, डिझेल मी मोजूनच देतो. या महिन्यापासून कापणार नाही, एवढं ड्रायव्हरला सांगितलंय.
पण २४ मागे घ्या.

रुळावरचा:
२४ मागे. ८५ तसाच.

चाळकरी:
आणि गोण्यांची आपट?